सत्तेचाळीस किंवा अठ्ठेचाळीस

त्या शिंप्याचं टेबल दुकानापेक्षा जुनं होतं. लोक सांगायचे, आधी टेबल आलं, मग त्याच्याभोवती चार भिंती उभ्या राहिल्या आणि सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की अरेच्चा, दार राहिलंच. खरं-खोटं टेबल जाणे. पण ते त्या दारातून आजवर कधी बाहेर पडलं नव्हतं आणि पडणारही नव्हतं, एवढं मात्र खरं. म्हणून तर सोमवारी सुतार करवत घेऊन येणार होता. मधोमध कापणार आणि दोन तुकडे करून नेणार.

मुलीला ही बातमी रविवारी कळली, चहात साखर ढवळताना.

"उद्या सुतार येतोय," बाप म्हणाला. "टेबल न्यायला."

"कुठलं टेबल?"

"आपल्याकडे अशी किती टेबलं आहेत, टाचणी?"

टाचणी म्हणजे मुलगी. बेचाळीस वर्षांची बाई, कॉम्प्युटर कंपनीत चांगली वरच्या जागेवर, हाताखाली आठ माणसं. पण लहानपणी बारीक होती आणि जिथे जाईल तिथे टोचायची, म्हणून बापाने टाचणी म्हटलं ते म्हटलंच.

"बाबा, झालंय काय?"

"काही नाही. पंच्याहत्तरावं लागलं. थांबायला नको का माणसाने?"

"मागच्या महिन्यात तर म्हणत होता, कात्री घेऊनच वर जाणार, तिथे देवाचं जाकीट उसवून बघणार."

"देवाचं माप नाही माझ्याकडे," बाप म्हणाला आणि अर्धा चहा तसाच ठेवून दुकानात गेला.

मुलगी चमचा हातात धरून बसून राहिली. बाप थापा मारतो, बाप रागावतो, बाप रुसतो, हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. बाप गप्प बसतो, हे नवीन होतं.

त्या दुकानात मापं घ्यायची एक पद्धत होती. बाप टेप लावून आकडे ओरडायचा आणि आई कोपऱ्यातल्या स्टुलावर वही मांडीवर घेऊन लिहायची. छाती, कंबर, बाही, उंची. बेकरीवाला आला की टेप पुरायचा नाही. मग म्हणे नवरा डावीकडून निघायचा, बायको उजवीकडून, आणि पाठीमागे कुठेतरी दोघांची गाठ पडायची. बापाने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की बेकरीवालासुद्धा ती शपथेवर सांगायचा.

आकडे बापाचे, पण शेवटचा रकाना आईचा. तिथे ती शेरा लिहायची आणि त्यात बापाने नाक खुपसायचं नाही असा करार होता. बेकरीवाल्यापुढे तिने लिहिलं होतं, "पोट आत ओढून उभा राहतो. आधी बायकोबद्दल विचारावं, श्वास सुटतो, मग माप घ्यावं." वकिलीणबाईंपुढे, "आतला खिसा खोल हवा. गोळ्या असतात. घरी कुणाला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही." आणि हेडमास्तरांपुढे, "उजवा खांदा दोन बोटं खाली. आतून भर घालणे. सांगू नये. त्यांना वाटतंय आपण सरळ आहोत, वाटू द्यावं."

अशी सहाशे बारा गिऱ्हाइकं. चौदा वह्या.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या वर्षी ती इतकी बारीक झाली होती की बाप दर पंधरा दिवसांनी तिचे कपडे गुपचूप दोन्ही बाजूंनी आवळून ठेवायचा. ती गुपचूप घालायची. एकाने सांगितलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही, आणि कपडे मात्र शेवटपर्यंत अंगाबरोबर बसले.

ती गेल्यावर मुलीने दोन आठवड्यांची रजा काढली आणि चौदाच्या चौदा वह्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. बापासाठी एक छोटासा प्रोग्रॅम केला. एका चौकटीत गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा, की त्याचं सगळं समोर. शेरा बदलायचा असेल तर खाली दुसरी चौकट, तिथे नवा शेरा लिहायचा आणि बटण दाबायचं. वह्यांना बुरशी लागली होती. मुलीने त्या दोरीने बांधल्या आणि स्वतः नेऊन रद्दीत टाकल्या. "सगळं आत आलंय बाबा," ती म्हणाली होती. "आता धूळ कशाला सांभाळायची?"

बापाने मान हलवली होती. तेव्हापासून दुपारी दुकान रिकामं झालं की तो त्या कॉम्प्युटरसमोर बसायचा. काम नसलं तरी. मनाला येईल तो नंबर टाकायचा आणि आईचा शेरा वाचायचा. लोक रेडिओ लावतात, तसं.

तर त्या रविवारी मुलगी दुकानात आली तेव्हा दारात हेडमास्तर उभे होते. वय पंच्याऐंशी, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. हातात नवाकोरा कोट.

"हे काय आहे?" त्यांनी कोट टेबलावर टाकला.

"कोट," बाप म्हणाला.

"मला दिसतंय कोट आहे ते! परवा नातीच्या लग्नात फोटो काढला. फोटोत मी कललोय. बोटीवर उभा असल्यासारखा! पंचेचाळीस वर्षं तुमचा कोट घालतोय, कधी कललो नाही. बायको म्हणते, तुम्ही पहिल्यापासून असेच आहात. पहिल्यापासून? मग इतकी वर्षं बोलली का नाही ती?"

बापाचं तोंड उघडलं. मुलगी वाट बघत राहिली. एरवी बापाने फोटोवाल्याचा कॅमेरा वाकडा केला असता, मांडवाची जमीन उतरती केली असती, गरज पडली तर पृथ्वीसुद्धा थोडी तिरकी करून दाखवली असती.

"चुकलं मास्तर," बाप म्हणाला. "ठेवून जा. दुरुस्त करतो."

मास्तरही बिचकले. भांडायला आलेल्या माणसाला समोरचा असा भेटला की हातपाय कुठे ठेवावेत कळत नाही. त्यांनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेले.

"बाबा, मास्तरांचा शेरा होता ना? दोन बोटांचा?"

"होता."

"मग?"

बापाने दुकानाचं दार अर्धं लोटलं. टेपचं एक टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"दिसत नाही मला."

"काय दिसत नाही?"

"शेरे. कुठलाही नंबर टाकला तरी एकच ओळ दिसते. मास्तर काढा, बेकरीवाला काढा, वकिलीणबाई काढा. तीच. महिना झाला."

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी त्यांना दिसेल तो माणूस मामाच वाटायचा. डॉक्टर मामा, दूधवाला मामा. एकदा पोस्टमनला हाताला धरून जेवायला बसवला, म्हणाले, मामा, किती वाळलास. आम्ही भावंडं तोंडावर हात धरून हसायचो." तो थांबला. "आता माझी पाळी. पेपर नीट वाचतो मी. बसचा नंबर लांबून सांगतो. फक्त तिचं लिहिलेलं तेवढं जातंय. बघ ना, जायचं तर दुसरं काही जायला नको होतं का?"

"अहो, मशीन बिघडलं असेल."

"तू केलंयस ते," बाप म्हणाला, जसं काही त्यातच सगळं आलं. "तू केलेलं कसं बिघडेल? नाही, आत सगळं आहे. चौदाच्या चौदा वह्या सुखरूप आहेत, तेवढं मला ठाऊक आहे. तेवढ्यावर झोप लागते मला. दिसत नाही हा माझा प्रश्न. बस तू. तू वाच बघू मास्तरांचं."

मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली. मास्तरांचा नंबर बारा. तिने बारा दाबले.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "आधीपेक्षा बारीक. कारण विचारू नये."

शिवताना मशीनची सुई बोटातून आरपार जाते ना, तेव्हा आधी काहीच होत नाही. माणूस नुसता बघत राहतो, अरे, ही इथून आत गेली आणि तिथून बाहेर आली. दुखायला मागाहून लागतं. मुलीचं तसंच झालं. तिने खालच्या बाणाचं बटण दाबलं. तेरा, चौदा, पंधरा. आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा बारीक, आधीपेक्षा बारीक.

"काय लिहिलंय?" बापाने विचारलं.

आणि तिच्या तोंडून आलं, "उजवा खांदा दोन बोटं खाली. आतून भर घालणे. सांगू नये. त्यांना वाटतंय आपण सरळ आहोत, वाटू द्यावं."

बाप डोळे मिटून ऐकत होता. "आणि बेकरीवाला?"

"पोट आत ओढून उभा राहतो," मुलगी त्या दुसऱ्याच ओळीकडे बघत म्हणाली. "आधी बायकोबद्दल विचारावं."

"श्वास सुटतो," बापाने पुढचं म्हटलं आणि हसला. "बघ. आहे की नाही? सगळं आहे. म्हणजे मीच गेलो कामातून." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं वाचलंस. पडतो जरा. उद्या सुतार लवकर येईल."

तो आत जाऊन आडवा झाला आणि मुलगी तिथेच. इतकी हुशार बाई, पण आपण आत्ता नेमकं काय केलं हे कळायला तिला पाच मिनिटं लागली. बापाला बरं वाटावं म्हणून खोटं वाचलं आणि बापाला वेडा ठरवून मोकळी झाली.

तिने प्रोग्रॅमची नोंदवही उघडली. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून कुणी कधी काय टाइप केलं हे त्यात आपोआप उतरत असे; वह्या त्याआधीच उतरवलेल्या. मागे जात जात ती पाच आठवड्यांपूर्वीच्या एका मंगळवारी थांबली. दुपारी तीन वाजता बापाने शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं, "आधीपेक्षा बारीक. कारण विचारू नये." आणि नंबरच्या चौकटीत, एकेक अक्षर शोधून दाबलेलं, इंग्रजीत: सत्तेचाळीस ऑर, म्हणजे किंवा, अठ्ठेचाळीस.

सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस म्हणजे कुलूपवाले दोघे भाऊ. वर्षाच्या अंतराचे, एकाच साच्यातून काढल्यासारखे, मिशासुद्धा एकाच कारखान्याच्या. आई त्यांना बरोबर ओळखायची. थोरला माप देताना आधी उजवा हात वर करतो, असा शेराच होता तिचा. बापाला कधी जमलं नाही. आणि जुन्या गिऱ्हाइकाला नाव विचारायचं नाही, हा दुकानाचा नियम. मेला तरी शिंपी विचारणार नाही. तर त्या मंगळवारी दोघांपैकी एक आला असणार, खंगलेला. बापाने टेप लावला, काही बोलला नाही, आणि तो गेल्यावर आईने लिहिलं असतं तसं लिहायला बसला. पण कुणापुढे? सत्तेचाळीस, का अठ्ठेचाळीस? बाप प्रामाणिक माणूस. खात्री नव्हती, तर त्याने दोन्ही नंबर लिहिले, मध्ये 'ऑर' टाकलं, आणि त्याला वाटलं, पोरीने केलेलं मशीन आहे, विचारेल आपल्याला, बाबा, दोघांतला कोण?

मशीनने विचारलं नाही.

कारण मुलीने तो प्रोग्रॅम घाईत केला होता. डेटाबेसला द्यायचा हुकूम असा असतो: शेरा असा कर, जिथे नंबर अमुक आहे तिथे. तिने हुकमाचं वाक्य लिहिलं आणि 'अमुक'च्या जागी बाप जे टाइप करेल ते जसंच्या तसं चिकटवून टाकलं. सत्तेचाळीस लिहिलं, तर नंबर सत्तेचाळीस आहे तिथे. छान चालायचं. पण त्या दिवशी वाक्य झालं, जिथे नंबर सत्तेचाळीस आहे तिथे, किंवा अठ्ठेचाळीस. माणसाला कळतं काय म्हणायचंय. मशीनला नुसतं 'अठ्ठेचाळीस' असं सुटं दिसलं की कळतं एवढंच, की हे शून्य नाही, आणि शून्य नाही म्हणजे 'हो'. मग ते एकेका गिऱ्हाइकाकडे गेलं. तुझा नंबर सत्तेचाळीस आहे? नाही? बरं. किंवा? हो. घे शेरा. असं सहाशे बारा जणांना. डोळ्याची पापणी लवायच्या आत बेकरीवाला बारीक झाला.

आता यातली गंमत ऐका, म्हणजे रडू येणारी गंमत. ऑफिसात या बाईला 'खिसेबाई' म्हणायचे. कारण नवीन पोरं असं चिकटवाचिकटवीचं काम घेऊन आली की ती ते परत करायची आणि दर वेळी तेच सांगायची. "हुकूम आधी पुरा शिवून घ्या. बाहेरून जे येणार असेल त्याच्यासाठी रिकामा खिसा ठेवा. मग आलेली वस्तू त्या खिशात टाका. खिशात चिठ्ठी टाका, दगड टाका, बेडूक टाका, कोटाचा आकार बदलत नाही. पण तीच वस्तू तुम्ही कापडात शिवून टाकलीत, तर कोट तुमचा राहत नाही, तो बेडकाचा होतो." पोरं हसायची, पण लक्षात ठेवायची. लाखो माणसांचे हिशेब तिने तसे खिसे लावून राखले होते. आणि स्वतःच्या बापाला मात्र कापडात शिवून मोकळी झाली होती. बाबाच तर वापरणार, त्याला कशाला खिसे?

रोजची एक नक्कल पेनड्राइव्हवर जायची, तीही तिनेच लावून दिलेली. तिने घाईघाईने तो ड्रॉवरमधून काढला. आजची नक्कल होती. आजची कालच्यावर चढलेली, कालची परवाच्यावर. पाच आठवडे रोज न चुकता, सहाशे बारा वेळा, आधीपेक्षा बारीक.

ती उठून आईच्या स्टुलावर बसली. समोर टेबल, टेबलावर मास्तरांचा कोट हात पसरून पडलेला.

तिला किती शेरे आठवतात, ते तिने मोजून बघितलं. तीस. चाळीस असतील ओढूनताणून. तेवढे गुपचूप भरून टाकता आले असते. बाप पुन्हा वाच म्हणाला तर आठवेल ते वाचता आलं असतं. उद्या टेबल कापलं जाईल, बाप आतल्या खोलीत बसेल आणि मरेपर्यंत समजत राहील की आपलं डोकं गेलं, पण आई आत आहे, सुखरूप, चौदाच्या चौदा वह्या. झोप लागेल त्याला. किंवा मग सांगायचं. डोकं परत द्यायचं आणि ती काढून घ्यायची. तिसरी वाट नव्हती. ती हेडमास्तरांच्या कोटाच्या उजव्या खांद्यावरून हात फिरवत बसली. आत काहीच भर नव्हती. खांदा मऊ लागत होता, कुणाचाच नसल्यासारखा.

चार वाजता बाप उठून आला. तिला स्टुलावर बसलेली बघून जरा थबकला.

"तिथे का बसलीस?"

"बाबा, इकडे या. हे वाचा."

"नको ग. कशाला पुन्हा?"

"वाचा म्हणते ना."

बाप वाकला. "आधीपेक्षा बारीक," त्याने वाचलं, लाजून, नापास पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं. "कारण विचारू नये."

"बरोबर. मलाही तेच दिसतंय."

बाप खुर्चीवर बसला.

"मास्तरांपुढे तेच आहे. बेकरीवाल्यापुढे तेच. मी मघाशी वाचलं ते स्क्रीनवर नव्हतंच, बाबा. मला पाठ होतं म्हणून म्हटलं. घाबरून खोटं बोलले मी. तुमचे डोळे ठीक आहेत. डोकंही ठीक आहे."

"बेकरीवाल्यापुढे?"

"हो."

"बेकरीवाला आधीपेक्षा बारीक?"

"हो बाबा."

बापाच्या पोटातून हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग तो टेबलावर हात आपटत हसला. "तो... तो गेल्या महिन्यात दारात अडकला होता! दोघांनी ढकलला! आणि मी त्याच्या नावापुढे रोज वाचतोय... अगं, मी चांगला आहे! टाचणे, मी चांगला आहे!" त्याने बाहीला डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा जागेवर आला होता. मग तो म्हणाला, "मग तिचे कुठे गेले?"

मुलीने पडद्यावरच्या त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"आत असतील ना. मागे कुठेतरी. या ओळीच्या मागे."

"मागे काही नसतं, बाबा. नवीन लिहिलं की जुनं राहत नाही."

"ती ओळ तर मीच लिहिलेली. माझ्यामुळे झालं? मी दोन नंबर टाकले म्हणून?"

"नाही. तुम्ही बरोबर लिहिलं होतं. नक्की ठाऊक नाही, असं लिहिलं होतं. ते धरून ठेवायला मी खिसा शिवायला हवा होता. मी नाही शिवला. पाच मिनिटांचं काम होतं. रोज दुसऱ्यांना शिकवते मी ते. आणि वह्याही मीच टाकल्या."

बाप खुर्चीत मागे टेकला. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याने टेप गळ्यातून काढला, नीट गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि पुन्हा उलगडला.

"वेडा होतो ते पाच आठवडे बरे होते," शेवटी तो म्हणाला. "ती होती तरी."

मुलगी रडली. त्याने रडू दिलं. गप्प कर म्हणाला नाही, जाऊ दे म्हणाला नाही. बऱ्याच वेळाने मास्तरांचा कोट ओढून पुढ्यात घेतला, चष्मा चढवला आणि अस्तराची शिवण उसवायला लागला.

"किती बोटं म्हणालीस?"

"दोन."

"कुणाची? माझी का तिची?"

मुलीने डोळे पुसले. "ते नव्हतं लिहिलेलं."

"मग तिचीच असणार. स्वतःचा हात सोडून दुसऱ्याचं प्रमाण मानलंय कधी तिने?" त्याने कापसाची भर हातात घेऊन अंदाज केला. "सुताराला फोन लाव. सांग, करवतीला धार काढून ठेव, पण घाई नाही. मी मेल्यावर ये."

तिने फोन केला. मग बसून प्रोग्रॅम दुरुस्त केला. खरंच पाच मिनिटं लागली, तिने घड्याळात बघितलं. बापाला बोलावून म्हणाली, "आता टाका परत, त्या दिवशी टाकलं होतं तसंच." बापाने भीत भीत सत्तेचाळीस टाकलं, 'ऑर' टाकलं, अठ्ठेचाळीस टाकलं. मशीन म्हणालं, असं गिऱ्हाईक नाही.

"आहे की," बाप म्हणाला. "दोघांतला एक आहे."

"ते आता तुम्हाला त्यालाच विचारावं लागेल."

"नाव विचारू?"

"तब्येत विचारा. कळेल आपोआप."

मग दोघं बसली. मुलगी कॉम्प्युटरसमोर आणि बाप कोट शिवत, आणि एकेक नंबर काढून, शेरा पुसून, आठवेल ते पुन्हा घालायला लागली. कधी तिला आठवायचं, कधी त्याला. बहुतेक वेळा दोघांनाही नाही. तसे रकाने रिकामे ठेवले. दिवेलागणीपर्यंत अडतीस शेरे जमले. त्यातल्या काहींवर मुलीचा विश्वास नव्हता.

"'याच्या पोटाला वेगळा नंबर द्यावा.' बेकरीवाल्यापुढचं हे काही आईचं नाही, बाबा. हे तुमचं आहे."

"लिहिलं नसेल तिने. म्हणाली होती."

"कधी?"

"तुझ्या जन्माआधी. मी नव्हतो का तिथे? दोन बाजूंनी निघालो होतो आम्ही."

तिने घातलं ते. मग तिचा स्वतःचा नंबर आला, दोनशे तीन. वय नऊ वर्षं, फ्रॉकचं माप.

"तुझं काय होतं ग?" बापाने विचारलं. "तूच तर उतरवलंस."

"उतरवलं. वाचलं नाही. बोटं चालत होती नुसती. लवकर संपवायचं होतं मला."

"माया जास्त ठेवावी, असं काहीतरी होतं. शिवणीत."

"ते सगळ्याच मुलांपुढे लिहायची ती. वाढत्या अंगाला सोडायला जास्तीचं कापड."

"हो. पण तुझं पुढे अजून होतं. एक वाक्य होतं पुढे." बाप सुई थांबवून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. ओठ हलले, काहीतरी येतंय असं वाटलं, आणि मग मान हलली. "नाही. गेलं."

मुलीने दोनशे तीनपुढचा रकाना पुसला आणि रिकामा सोडला.

शेवटी बाप म्हणाला, "दोन नंबर काढ." एक नंबर त्याचा स्वतःचा होता, दोन आईचा. तिची पहिली मापं पन्नास वर्षांपूर्वीची, शेवटची तीन वर्षांपूर्वीची, प्रत्येक आकड्यापुढे नवा, त्याहून लहान आकडा. आणि शेऱ्यात तीच ओळ.

मुलीने पुसायला बोट उचललं.

"थांब," बाप म्हणाला. त्याने सुई कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली, चष्मा काढला आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकून ती ओळ वाचली, एकदा, आणि परत एकदा.

"हे राहू दे," तो म्हणाला. "हे बरोबर आहे."